विटांनी बुजवलेली फायरप्लेस आणि घरमालकाची धमकी

प्रश्न: पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्यात तळमजल्यावर आम्ही आजोबांपासून भाडेकरू आहोत. भाडे कायद्याखाली प्रमाणित भाडंही ठरलं आहे. दिवाणखान्यातली दगडी फायरप्लेस आजोबांनीच विटांनी बुजवली, कारण धुराड्यातून पाऊस आणि वटवाघळं आत यायची. ती आता उघडायची आहे. घरमालक म्हणतात, "एका विटेला हात लावा, जागा खाली करून घेतो." धुराड्याला मालकाची संमती लागत नाही, असं एका परिचितांनी सांगितलं. खरं काय?

उत्तर: तुमच्या परिचितांनी कायद्याचं बरोबर पान वाचलं, पण त्याच्या आधीचं वाचायचं राहिलं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाला ताबा कोणत्या कारणांनी मिळतो ते दिलं आहे. लेखी संमतीशिवाय केलेलं कायमस्वरूपी बांधकाम हे त्यातलं एक. त्याच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, एअर कंडिशनर यांच्या पंगतीत धुराडंही बसलं आहे. जरूर तिथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केलेली ही कामं कायमस्वरूपी बांधकाम ठरत नाहीत. पण मालकाचा वकील या कारणावर कशाला येईल? मी त्याच्या जागी असतो तर सरळ पहिलं कारण धरलं असतं: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८(ओ) चा भंग, म्हणजे भाडेकरूने इमारतीची केलेली मोडतोड. धुराड्याची सवलत तिथे लिहिलेली नाही.

तेव्हा सगळा वाद एका प्रश्नावर येईल. तुम्ही भिंत फोडली, की भिंतीत मागाहून भरलेल्या विटा काढल्या? आजोबांनीच ती बुजवली ही गोष्ट इथे तुमच्या कामाची आहे. मालकाने जागा दिली ती फायरप्लेससकट. हे दाखवणारा जुना फोटो, भाडेचिठ्ठी, पत्र, काहीही शोधा. ट्रंकेतला लग्नाचा अल्बमसुद्धा चालेल. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. इतक्या वर्षांत दगडी कमान खचून तिचा भार या विटांवर आला असेल, तर वीट काढणं म्हणजे खरंच मोडतोड होईल, आणि मग मी तुमची बाजू घेणार नाही. वरच्या मजल्याची फायरप्लेस त्याच धुराड्याला जोडलेली आहे का, तेही तपासून घ्या. तुमचा धूर वरच्यांच्या खोलीत निघाला तर आणखी एक वादी तयार.

खर्च मालकाने करावा ही अपेक्षा सोडा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करून घेता येते आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करता येते. पण ती तरतूद मालकाने टाळलेल्या दुरुस्तीसाठी आहे. आजोबांनी बुजवलेलं उघडण्याचे पैसे भाड्यातून कापलेत, तर थकबाकीचा दावा आयता मिळेल.

बंगला नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का ते आधी लेखी विचारा. असेल तर परवानगीशिवाय गवंडी बोलावू नका. जळणासाठी आवारातला सिल्व्हर ओकही तोडू नका. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

आता मालकाला पोचपावतीने पत्र पाठवा. सोबत अहवाल जोडा आणि लेखी संमती मागा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मालकाने कामात अडथळा आणू नये म्हणून मनाईचा दावा लावून कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. कमिशनरने बुजवलेली जागा पाहून, फोटो काढून अहवाल दिला आणि कोर्टाचा आदेश हाती आला, की मगच पहिली वीट काढा.