छत्रीतला पोदेर

प्रश्न: नमस्कार भाई, आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी गावातलीच मंडळी नाटक करतात आणि गेली चार वर्षं संहिता मी लिहिते. यंदा तीन पानं झाली न् गाडी अडली ती अडलीच. रोज रात्री लॅपटॉप उघडते, एक वाक्य लिहिते, खोडते, मग मोबाईल बघत बसते. डायरेक्टर रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, झालं का? आता त्याचा नंबर दिसला तरी पोटात गोळा येतो. काय करू?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: बाय, पहिलं म्हणजे ती तीन पानं आठ दिवस उघडूच नको. चांगलं लिहायचंय असं डोक्यात घेऊन बसलं की पहिलंच वाक्य परीक्षेला बसतं आणि नापास होतं, माझं पण होतं, इतकी वर्षं लिहून सुद्धा. तेव्हा थोडे दिवस नुसतं खेळ.

इटलीत जान्नी रोदारी म्हणून मुलांसाठी लिहिणारा लेखक होऊन गेला, १९७० साली अँडरसन पुरस्कार मिळालेला. त्याची युक्ती अशी की एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे, त्याचं उदाहरण होतं कुत्रा आणि कपाट, आणि ते वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून बघायचे. मराठीत तर हे जास्तच रंगतं कारण विभक्ती आपल्या हाताशी. कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटासाठी कुत्रा. मागे माझं तीन महिने सगळं ठप्प होतं तेव्हा भाच्याला चिठ्ठ्या काढायला बसवलं, निघाले पोदेर, म्हणजे आपला सायकलवरून पाव विकणारा, आणि छत्री. पोदेराची छत्री, सपक. छत्रीवर पोदेर, सर्कस. छत्रीतला पोदेर म्हटलं आणि हात थांबला. सकाळी पों पों हॉर्न वाजतो, बाहेर येऊन बघतो तर सायकल उभी, टोपलीत पाव गरम, माणूस नाही, हॅंडलला मिटलेली छत्री लटकतेय आणि आतून आवाज येतो, उंडे किती देऊ? त्याचं पुढे काहीच झालं नाही हां, पण दोन पानं झाली आणि मला हसू आलं, ते पण तीन महिन्यांनी.

दुसरा खेळ बंधनाचा. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ साली 'e' हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली, आणि फ्रेंचमधे सगळ्यात जास्त येणारं अक्षर तेच! आपल्याला एवढा आटापिटा नको, एका प्रवेशात फक्त 'आहे' बंद कर. 'तो घरात आहे' म्हणता येत नाही, मग कुणीतरी म्हणतं, 'चपला तर दारात दिसतात.' स्टेजवर असलंच वाक्य चालतं.

घरात जमत नसेल तर सरळ ओल्ड गोव्याला जा आणि दिवाडी बेटाची फेरीबोट पकड. बोट सुटली की पेन सुरू, पलीकडे लागेपर्यंत उचलायचं नाही, मनात येईल ते, शिव्या आल्या तरी चालतील. मांडवी नदी ओलांडायला वेळ लागतो कितीसा, तेवढ्यात खोडायला फुरसतच मिळत नाही. परत येताना लिहिलेलं वाचायचं नाही, नवीन पान.

आणि त्या डायरेक्टरला पण कामाला लाव. संध्याकाळी फोन करायचाच असेल तर त्याने पहिल्या खेळासाठी दोन शब्द सांगायचे आणि फोन ठेवायचा, 'झालं का' विचारायचं नाही.