बिलात नुसता ‘पंप सेट’, गरज मात्र आगीच्या पंपाची

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमची अकरा मजली सोसायटी आहे. गेल्या वर्षी हायड्रंटसाठी (आग विझवायच्या पाण्याच्या नळांसाठी) नवा डिझेल पंप घेतला. आता गच्चीवर दाब मिळत नाही म्हणून परवानाधारक एजन्सी फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, देत नाही. विक्रेता म्हणतो, इंजिन चालतंय, तेव्हा वॉरंटीत काही बसत नाही. आणि बिलावर छापल्याप्रमाणे दावा पुण्यातच करा. काय करावं?
– सेक्रेटरी, नाशिक

उत्तर : तुमच्या बिलावर ‘डिझेल पंप सेट, 1 नग’ एवढंच आहे. मिनिटाला किती लिटर, हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) किती, काहीच नाही. नुसत्या बिलावर तुमची बाजू लंगडी पडली असती. पण खरेदीआधीचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवलेत, हे फार चांगलं केलंत. ‘अकरा मजले आहेत, हायड्रंटला हवा,’ असं तुम्ही कळवलं आणि ‘हाच घ्या, आरामात चालेल,’ असं उत्तर आलं. मालविक्री अधिनियम, 1930 चं कलम 16 नेमकं इथे लागू पडतं. वापर सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. (कंपनी आणि मॉडेल तुम्हीच ठरवून मागवलं असतं, तर हा मुद्दा अवघड झाला असता.)

इंजिन चालतंय हे उत्तरच नाही. द्राक्षबागेवरचा पंपही चालतोच. आगीच्या पंपासाठी आयएस 12469 हे मानक आहे. ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी सोडतानाही हेड ठरलेल्या हेडच्या 65 टक्क्यांखाली जाता कामा नये. कारखान्याचा चाचणी अहवाल आणि पंपाचा कर्व्ह (प्रवाह-हेडचा आलेख) विक्रेत्याकडे लेखी मागा. दिला नाही, तर तेही तक्रारीत लिहा.

पुण्याची काळजी सोडा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 34 नुसार तुम्ही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करू शकता. सहकारी संस्था त्या कायद्यात ‘व्यक्ती’ आहे, म्हणून सोसायटीही तक्रार करू शकते. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मेसेजसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

पंप मात्र आत्ताच उचलू देऊ नका. विक्रेत्याला लेखी तारीख देऊन बोलवा, एजन्सीसमोर वरचा हायड्रंट उघडा, गेजचे (दाबमापकाचे) आकडे दिसतील असा व्हिडिओ काढा आणि अहवालावर सगळ्यांच्या सह्या घ्या. विक्रेता आला नाही, तर तशी नोंद करून चाचणी पुरी करा.

निकालाची वाट पाहत थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू ठेवायची आणि दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी प्रमाणपत्र द्यायची जबाबदारी मालक-भोगवटादारांवर टाकली आहे. विक्रेत्याशी वाद आहे म्हणून ती टळत नाही. वरच्या मजल्यावर माणसं राहतात. सभेत ठराव करून, चाचणी झाल्यावर दुसरा पंप घ्या आणि तो खर्च तक्रारीत मागा. नव्या ऑर्डरमध्ये ‘अग्निशमनासाठी’ हा शब्द, प्रवाह, हेड आणि मानक क्रमांक लिहा. शेवटचा हप्ता गच्चीवरची चाचणी उतरल्यावरच द्या.