प्रथिन की प्रथिने?

एका वाचकाने विचारलंय: 'डाळीत प्रथिन असतं' म्हणायचं की 'प्रथिने असतात'? आणि हा शब्द म्हणजे 'प्रोटीन'चा अपभ्रंश का?

आधी दुसऱ्याचं. अपभ्रंश नव्हे, शब्द घडवणाऱ्याची हुशारी. १८३८ साली स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसने डच सहकारी मुल्डरला पत्रातून 'प्रोटीन' हे नाव सुचवलं. मुळात ग्रीक 'प्रोटिऑस', म्हणजे अग्रस्थानी असलेला. आपल्या शब्दात 'प्रथम' डोकावतं, म्हणजे नादही सांभाळला आणि अर्थही. हिंदीने सरळ 'प्रोटीन'च ठेवलं.

प्रथिनं ज्यांची बनतात त्या 'अमिनो आम्ला'च्या वेळी मात्र निम्मंच भाषांतर झालं, आणि तेही फसवं. आम्ल म्हटलं की चिंच, लिंबू आठवतं. पण ग्लायसिन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल चवीला चक्क गोड, नावही ग्रीक 'गोड'वरूनच. रेणूत आम्लगट असतो म्हणून आम्ल, एवढंच. 'अमिनो'चा माग काढत गेलं तर अमोनियामार्गे आपण इजिप्तच्या अमून देवापर्यंत पोचतो. इंग्रजीत 'साल अमोनियाक' असं त्या देवाचं नाव मिरवणारा क्षार म्हणजे आपला नवसागर! कल्हईवाला तापल्या भांड्यात चिमूटभर टाकायचा आणि पांढरा धूर नाकात झोंबायचा, तोच.

आता वचन. शब्द नपुंसकलिंगी: ते प्रथिन, ती प्रथिने (बोलताना प्रथिनं). मी अनेकवचनाच्या बाजूचा, कारण वस्तूच अनेक आहेत. वीस प्रकारचे मणी ओवून माळ करावी तशी अमिनो आम्लं जोडली जातात. मण्यांच्या क्रमावर माळेची घडी ठरते आणि घडीवर काम: कुणी प्राणवायू वाहतं, कुणी अन्न पचवतं, कुणी केस होऊन बसतं. रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन; त्याच्या 'बीटा' नावाच्या माळेत १४६ मणी. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की रक्ताचा सिकलसेल आजार. गडचिरोली-नंदुरबारकडच्या लोकांना हा आजार वेगळा सांगायला नको. एका मण्याने एवढा फरक पडत असेल, तर सगळ्यांना एकाच 'प्रथिना'त कोंबणं मला खटकतं.

तरी जिममधला मुलगा 'आज किती प्रोटीन झालं?' विचारतो, तेव्हा मी त्याला टोकत नाही. तो ग्रॅम मोजतोय. 'धान्य भरलं' आणि 'नवरात्रात सात धान्यं पेरली' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच तोंडाने बोलतोच की.