पटावरचे प्रश्न : डाव चालू असताना ओपनिंगचं नाव दिसावं का?

प्रश्न : नमस्कार. माझा नातू सातवीत आहे. शाळेतून आला की पोहे-शेव खाता खाता मोबाइलवर बुद्धिबळ सुरू, बहुतेक दहा मिनिटांचे डाव. तो खेळतो त्या साइटवर डाव चालू असतानाच बाजूला ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचं, नाव लिहून येतं, इटालियन, फ्रेंच, सिसिलियन वगैरे, आणि चाली पुढे गेल्या की नाव बदलतं. त्याची ताई म्हणते ही चीटिंग आहे. तो म्हणतो दोघांनाही दिसतंय, मग चीटिंग कसली? मागे एका स्पर्धेत खऱ्या पटावर खेळला तेव्हा मात्र पाच-सहा चालींतच गडबडला, म्हणाला काय चाललंय तेच कळेना. तुमचं काय मत?
– एक आजोबा, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : काका, पहिले तर ताईला सांगा की नातवाने चीटिंग केलेली नाही. साइटनेच जे समोर ठेवलंय ते वाचलं तर त्यात पोराचा काय दोष. पण हे नाव तिथे दिसायलाच नको असं जर तिचं म्हणणं असेल तर मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे, निदान रेटिंगच्या (हारजितीवर खेळाडूचे गुण बदलतात अशा) डावात तरी नकोच.

फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत ११.३.१ नंबरचा नियम आहे, की डाव चालू असताना खेळाडूने कुठल्याही नोंदी, माहितीची साधनं किंवा सल्ला वापरायचा नाही, दुसऱ्या पटावर विश्लेषणसुद्धा करायचं नाही. आता हॉलमध्ये डाव चालू आहे आणि मागे उभं राहून कोणी नुसतं पुटपुटलं, ‘अरे हे तर टू नाइट्स ओपनिंग झालं’, तर आर्बिटर (पंच) त्याला बाहेर काढेल की नाही? काढेलच. मग तेच वाक्य स्क्रीनवर आलं की चालतं, हे मला पटत नाही. ऑनलाइन म्हणजे टाइमपास हे म्हणणंही आता जुनं झालं. २०२० ला फिडेने ऑनलाइन ऑलिम्पियाड घेतलं, भारत आणि रशियाला मिळून सुवर्ण दिलं, आपण सगळ्यांनी घरात बसून टाळ्या वाजवल्या. खेळ खरा मानायचा तर नियमही खरेच पाहिजेत ना.

लोक म्हणतात नुसतं नाव कळून काय होतं, चाल थोडीच कळते. होतं, बरंच होतं. नातवाला पटावर हे लावून दाखवा. (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) पांढरा ई४, काळा ई५. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा सी६. पांढरा उंट सी४. इथपर्यंत साधा इटालियन. आता काळा तोच घोडा परत उचलून डी४ वर नेतो आणि ई५ चं प्यादं उघडं पडतं. नवीन पोराला वाटतं फुकटचं आहे, तो घोड्याने ते प्यादं खातो. काळ्याचा वजीर जी५ वर येतो. पांढरा आणखी हावरा होऊन एफ७ चं प्यादं खातो, कारण तिथून घोडा वजिरावर पण आहे आणि हत्तीवर पण. मग काळा वजीर जी२ चं प्यादं खातो, पांढरा हत्ती एफ१ ला सरकवतो, वजीर ई४ चं प्यादं खाऊन शह देतो, पांढरा मध्ये उंट घालतो ई२ वर, आणि काळा घोडा एफ३ ला येऊन मात. सातव्या चालीत खेळ खलास!

या डावाला ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट म्हणतात, काही ठिकाणी ब्लॅकबर्न-कोस्टिच गॅम्बिट. घोडा डी४ वर गेला रे गेला की बाजूला हे नाव झळकतं. आता सांगा, ज्याला यातलं काही माहीत नाही तोसुद्धा ‘गॅम्बिट’ वाचून थांबणार की नाही? थांबणारच, की अच्छा, म्हणजे हे प्यादं मुद्दाम सोडलंय, काहीतरी डाव आहे. तो शांतपणे डी४ चा घोडा मारून टाकतो आणि मजेत पुढे खेळतो, त्याची बाजू चांगलीच असते. चाल कोणी सांगितली नाही, पण ‘सांभाळ’ हे तर सांगितलं! आणि त्या वेळेला तेवढंच पाहिजे असतं, उरलेलं तर कोणीही शोधून काढतं.

दुसरी गोष्ट यापेक्षा बारीक आहे पण मला जास्त महत्त्वाची वाटते. एकच पोझिशन वेगवेगळ्या रस्त्यांनी येते, ट्रान्स्पोझिशन म्हणतात त्याला. पांढऱ्याने डी४ खेळलं, काळ्याने ई६, मग पांढरा ई४ आणि काळा डी५, झालं, हा फ्रेंच डिफेन्स झाला, जरी सुरुवात वजिराच्या प्याद्याने झाली असली तरी. किंवा पांढरा आधी घोडा एफ३ काढतो, मग डी४, मग सी४, आणि समोरच्याला कळायच्या आत डाव क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्ये जाऊन बसलेला असतो. मुरलेले खेळाडू हे मुद्दाम करतात, चालींचा क्रम बदलून समोरच्याला त्याच्या न आवडत्या डावात ओढतात किंवा त्याची तयारी चुकवतात, आणि आपण कुठे येऊन पोचलो हे ओळखणं हे त्यातलं खरं कसब, वर्षानुवर्षं डाव बघून येणारं. स्क्रीनवरची ती नावाची पट्टी काय करते तर क्षणात नाव बदलून सांगून टाकते की बाबा तू आता फ्रेंचमध्ये आहेस. ज्याने स्वतः ओळखलं आणि ज्याने वाचलं ते दोघं एका लायनीत आले. आणि नाव मिळालं म्हणजे शोधायची चावीच हातात मिळाली, दुसऱ्या फोनवर टाकलं की पुढच्या चाली समोर, ज्याला लबाडीच करायची त्याचं अर्धं काम साइटनेच करून दिलं.

म्हणून नातवाचा ‘दोघांना दिसतंय’ हा मुद्दा मला मान्य नाही. सोय दोघांना सारखी असली तरी फायदा सारखा होत नसतो. ज्याने महिनाभर बसून एक ओपनिंग पाठ केलं, त्यातले खड्डे समजून घेतले, त्याला पट्टीची गरजच नाही, फायदा सगळा न शिकलेल्याचा, म्हणजे मेहनत करणाऱ्याच्या मेहनतीतूनच थोडंथोडं कापून दिल्यासारखं. वरच्या ग्रँडमास्टर लोकांना काही फरक पडत नाही, त्यांना नावं तोंडपाठ असतात. फरक पडतो तो हजार ते सोळाशे रेटिंगवाल्या आपल्या पोरांना, आणि तीच तर सगळ्यात जास्त खेळतात.

शिकण्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. नावं कळलीच पाहिजेत, नावाशिवाय पुस्तक उघडता येत नाही. पण डाव संपल्यावर दाखवा ना! तेव्हा प्रत्येक चालीसमोर नाव द्या, कुठून कुठे वळलं ते द्या, बिनरेटिंगच्या मैत्रीच्या डावात दोघांची हरकत नसेल तर चालू डावातही द्या. बघणाऱ्यांना तर लाइव्ह दाखवाच, कॉमेंट्री ऐकायला त्यानेच मजा येते, नुसतं खेळणाऱ्यांपासून लपवा. स्पर्धेत नातू गडबडला त्याचं कारण मला तरी हेच दिसतं, पट बघून ओळखायची सवय लागायच्या आधी त्याला वाचून ओळखायची सवय लागली. सेटिंगमध्ये बघा, काही साइट्सवर झेन मोड असतो, त्यात पट आणि घड्याळ सोडून बाकी जवळजवळ सगळं गायब होतं. तसं काही नसेल तर मोबाइलच्या तेवढ्या भागावर कागदाची पट्टी चिकटवा, खरंच सांगतो. आणि डाव संपला की आधी त्याने स्वतः वहीत लिहायचं की हे कुठलं ओपनिंग होतं, मग साइटचं बघायचं. ताईला तपासायला बसवा, म्हणजे वाद पण मिटेल.

प्रश्न : माझे वडील देशी पद्धतीने खेळायचे, त्यांना एकाही ओपनिंगचं नाव माहीत नव्हतं आणि तरी भल्याभल्यांना हरवायचे. मग ही नावं आली कुठून, आणि ‘किंग्ज इंडियन’मध्ये इंडियन काय आहे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुमच्या वडिलांसारखेच लोक आहेत त्यात! आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे, एकच घर. त्यामुळे आपले लोक हळूहळू मोर्चा बांधायचे, प्यादी डी६, जी६ अशी एकेक घर सरकवून, उंट जी७ ला बाजूला बसवून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू होते, ते जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाशी खूप डाव खेळले, ते डाव लिहून ठेवलेले आहेत आणि आजही बघायला मिळतात. त्यांत असाच बचाव दिसतो, आज आपण ज्याला किंग्ज इंडियन म्हणतो त्याच्या जातीचा. खेळणाऱ्याने नाव वाचून नाही खेळलं, नावं मागून जगाने दिली. मग विसाव्या शतकात बेलग्रेडहून ओपनिंग्जचा विश्वकोश निघाला, त्याचा पहिला खंड १९७४ चा, आणि त्यात सगळ्या ओपनिंग्जना ए०० पासून ई९९ पर्यंत पाचशे कोड मिळाले. साइट्सवर नावाशेजारी जे बी९० किंवा सी५५ दिसतं ते हेच. काही जण सुचवतात नाव काढा, नुसता कोड ठेवा. नको, जाणकाराला कोड म्हणजे नावच.

प्रश्न : मी आणि पुण्याचा माझा भाऊ, एका चालीला तीन दिवस असे डाव खेळतो. त्यात नाव दिसतं, पुस्तक पण बघता येतं. हे पण चूक का?
– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही ताई, ते वेगळं. जुन्या पोस्टकार्डवरच्या बुद्धिबळाचाच तो पुढचा अवतार आहे आणि त्यात पुस्तकं बघायची मुभा पहिल्यापासून असते. बहुतेक साइट्सवर अशा डावांत ओपनिंगची पुस्तकं आणि डेटाबेस चालतात, इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, चालत नाही. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत तर इंजिनलाही परवानगी आहे. जिथे अख्खं पुस्तक उघडं ठेवून बसायचं तिथे नाव झाकून काय करणार, बिनधास्त बघा. फक्त इंजिन वापरायचं की नाही हे आज रात्रीच भावाला फोन करून पक्कं करा, डाव अर्ध्यात आल्यावर नको.