व्हेनेझुएला हलला की कुरासाओत काय काय थांबतं

इथे चर्चेत प्रश्न आलाय की शेजारच्या देशात राजकीय उलथापालथ सुरू झाली तर जवळच्या छोट्या बेटावर नेमका काय परिणाम होतो. त्यावर एका सदस्यांचं म्हणणं आलंय की पर्यटनावर जगणाऱ्या बेटांना फारसा फरक पडत नाही. मला ते पटत नाही. तेलवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून मी बरीच वर्षं काढली. कॅरिबियनमधल्या कुरासाओला आमचं जहाज अनेकदा लागायचं. म्हणून त्या एकाच बेटाबद्दल लिहितो, पण सविस्तर लिहितो.

कुरासाओ म्हणजे 444 चौरस किलोमीटर जमीन आणि दीड लाखाच्या आसपास माणसं. राज्य डच राजघराण्याचं, पण 2010 पासून अंतर्गत कारभार स्वतःचा. व्हेनेझुएलाचा किनारा साधारण 65 किलोमीटरवर. पाऊस इतका कमी की पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं पाणी गोडं करून मिळवावं लागतं. निवडुंग आणि काटेरी झुडपं भरपूर, शेती नावापुरती. म्हणजे ताटातलं जवळजवळ सगळं बाहेरून येणार, हे आधी लक्षात घ्या.

त्यातली ताजी भाजी आणि फळं शंभराहून जास्त वर्षं समोरच्या किनाऱ्यावरून यायची. राजधानी विलेमस्टाडच्या पुंडा भागात धक्क्याला लाकडी बोटी ओळीने लागलेल्या असत, व्हेनेझुएलातल्या समोरच्या ला वेला दे कोरो बंदरातून आलेल्या. डोलकाठीपासून धक्क्यावरच्या खांबापर्यंत ताडपत्री ताणलेली, तिच्या सावलीत फळ्यांवर माल मांडलेला: भाजीची केळी, पपया, आंबे, टोमॅटो, कांदे, एका टोकाला मासे. विक्रेते आठवडेच्या आठवडे बोटीवरच राहायचे. पुढे तागडी चालू, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले, आत कुणीतरी स्वयंपाक करतंय. आमच्या जहाजाचा कुक शक्य तेव्हा तिथूनच भाजी आणायचा, कारण सुपरमार्केटमधली भाजी हॉलंड-अमेरिकेहून आलेली, महाग आणि शिळी. पर्यटक या बाजाराचे फोटो काढायचे, पण तो चालायचा गावातल्या बायकांच्या पिशव्यांवर.

2018 च्या जानेवारीत व्हेनेझुएलाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो यांनी अरुबा, कुरासाओ आणि बोनेर या तिन्ही बेटांशी असलेली हवाई आणि सागरी वाहतूक बंद केली. कारण दिलं ते तस्करीचं, म्हणजे सोनं, तांबं, अन्न चोरून या बेटांवर जातं असं. आधी 72 तासांसाठी म्हणाले, प्रत्यक्षात मार्ग उघडायला एप्रिल उजाडला. 2019 च्या फेब्रुवारीत पुन्हा बंद, कारण विरोधी नेते ग्वायदो यांच्यासाठी येणारी परदेशी मदत कुरासाओत साठवायला नेदरलँड्सने होकार दिला होता. या वेळी सीमा उघडली थेट 2023 च्या एप्रिलमध्ये. चार वर्षं. बेटावर एक गोळी झडली नाही, पण धक्क्यावरच्या बोटी गेल्या आणि टोमॅटो-केळी लांबून, कंटेनरमधून, वाहतुकीचा खर्च अंगावर घेऊन यायला लागली. पगार तोच आणि भाजी महाग, याचा अर्थ कुठल्याही गृहिणीला सांगावा लागत नाही.

आता थोडं मागे जायला हवं, कारण शेजारच्या गडबडीशी या बेटाचा संबंध जुना आहे, आणि त्यात नेहमी तोटाच झाला असंही नाही. 1812 मध्ये व्हेनेझुएलाचं पहिलं प्रजासत्ताक कोसळल्यावर तिथले स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिवार इथेच आश्रयाला आले होते. 1929 मध्ये तर उर्बिना नावाच्या व्हेनेझुएलन बंडखोराने विलेमस्टाडच्या किल्ल्यावर हल्ला करून शस्त्रं लुटली आणि खुद्द गव्हर्नरला ओलीस धरून समोरच्या किनाऱ्यावर नेलं. तिथल्या हुकूमशहाविरुद्धचं बंड, पण त्यासाठी बंदुका बेटाच्या.

आणि बेटाचा मोठा कारखाना, म्हणजे इस्ला रिफायनरी, तीही अशाच हिशेबातून आली. माराकायबो सरोवराच्या परिसरात 1914 मध्ये मोठा तेलसाठा लागला. सरोवराच्या तोंडाशी वाळूचा बांध, मोठं जहाज आत जाऊ शकत नव्हतं. शेल कंपनीला खोल नैसर्गिक बंदर हवं होतं, आणि सरकार उलथण्याची धास्ती नसलेली जमीन हवी होती. कुरासाओत दोन्ही मिळालं. उथळ तळाची छोटी टँकर जहाजं कच्चं तेल आणायची, शुद्धीकरण इथे व्हायचं. 1918 पासून तो कारखाना चालला. म्हणजे शेजारी देश भरवशाचा नाही, या एका गोष्टीवर बेटाची तीन पिढ्यांची रोजीरोटी उभी राहिली.

खरी गोम इथे आहे. कच्चं तेल, भाजी, गिऱ्हाईक, सगळं एकाच दारातून यायला लागलं.

1985 मध्ये शेल निघून गेली. रिफायनरी एका गिल्डरला, म्हणजे तिथल्या चलनातल्या नाममात्र किमतीला, बेटाच्या सरकारच्या गळ्यात पडली आणि सरकारने ती व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीला, म्हणजे ज्याला तिकडे सगळे पेदेवेसा म्हणतात तिला, भाड्याने दिली. क्षमता दिवसाला सव्वातीन लाख बॅरलच्या वर. जहाजांचं मोठं टर्मिनल वेगळं, बुलेन बे इथे. यंत्रं जुनी होत गेली. वारा बाराही महिने पूर्वेकडून, त्यामुळे धूर नेमका पश्चिमेच्या मार्चेना-विशी वस्त्यांवर. तिथले लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते, आणि त्यांच्याच शेजारी रिफायनरीत काम करणारी घरं होती.

मग 2018 आला. व्हेनेझुएलाच्या चावेझ सरकारने 2007 मध्ये ताब्यात घेतलेल्या तेलप्रकल्पांबद्दल अमेरिकेच्या कोनोकोफिलिप्स कंपनीला लवादाने सुमारे 2 अब्ज डॉलरची भरपाई मंजूर केली होती. वसुलीसाठी कंपनी व्हेनेझुएलात न जाता बेटांवर आली. मे महिन्यात तिने कुरासाओ, बोनेर आणि सिंट युस्टेशियस इथला पेदेवेसाचा माल आणि मालमत्ता जप्त करण्याचे आदेश मिळवले. जप्ती होईल या भीतीने पेदेवेसाने जहाजं वळवली. कच्चं तेल आलं नाही तर रिफायनरी काय शुद्ध करणार? ऑगस्टमध्ये तडजोड झाली, तोवर घडी विस्कटली होती. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेने पेदेवेसावर निर्बंध घातले आणि उरलंसुरलं संपलं. भाडेकरार त्या वर्षाअखेरीस संपला, तेव्हा रिफायनरी थंड पडलेली होती.

हा क्रम मुद्दाम सांगितला. भांडण काराकासचं, दावा अमेरिकन कंपनीचा, निर्बंध वॉशिंग्टनचे, परराष्ट्र धोरण हेगचं, म्हणजे डच सरकारचं. यातल्या एकाही खोलीत कुरासाओचा माणूस निर्णय घ्यायला बसलेला नव्हता. रिकामा झाला तो त्याचा कारखाना. बंद रिफायनरीमुळे मार्चेनात हवा सुधारली, ही चांगली गोष्ट आहे, पण फिटर, वेल्डर, पंप ऑपरेटर यांना तीच मजुरी हॉटेलात मिळत नाही. पर्यटनावर बेट तरतं म्हणणाऱ्यांनी हा फरक बघावा.

गिऱ्हाइकांचं तर वेगळंच. व्हेनेझुएलात 2003 पासून डॉलरवर सरकारी नियंत्रण होतं. परदेशी जाणाऱ्याला कार्डावर ठरावीक डॉलर स्वस्त सरकारी दराने मिळायचे, काळ्या बाजारात त्याच डॉलरला कितीतरी पट भाव. मग लोक विमानाने कुरासाओ-अरुबाला यायचे, दुकानात कार्ड घासून वस्तूऐवजी रोख डॉलर घ्यायचे, दुकानदार आपलं कमिशन कापायचा. परत जाऊन डॉलर विकले की प्रवासखर्च निघून वर नफा. त्या काळात हॉटेलं, विमानं भरलेली. पुंडातल्या दुकानांत सिंधी व्यापारी पुष्कळ, हिंदी ऐकू यायची. व्हेनेझुएलन गिऱ्हाइकाला इथे अतोनात महत्त्व. 2014 नंतर तेलाचे भाव पडले, तिकडचे डॉलर आटले, आणि हा ओघही आटला. बेटाची विमान कंपनी इन्सेल एअर हिचे तिकिटांचे कोट्यवधी डॉलर व्हेनेझुएलात अडकून राहिले. 2019 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. अडचणी तिच्या इतरही होत्या, पण हा घाव मोठा.

शेवटी माणसं, आणि याच भागाबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जिथून भाजीच्या बोटी यायच्या त्याच किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात छोट्या होड्या निघायला लागल्या. 10 जानेवारी 2018 ला, म्हणजे मादुरोंनी मार्ग बंद केल्यानंतर आठवड्याच्या आत, साधारण 30 जणांना घेऊन आलेली होडी कुरासाओच्या खडकाळ उत्तर किनाऱ्यावर फुटली आणि मृतदेह किनाऱ्याला लागले. अधिकृत मार्ग बंद केला म्हणून माणसं यायची थांबत नाहीत, ती जास्त धोक्याच्या मार्गाने येतात.

पोचलेल्यांची संख्या 10,000 च्या वर गेली. दीड लाखाच्या बेटावर ही संख्या मोठी आहे. शाळा, दवाखाने, घरभाडं, सगळ्यावर ताण येतो, आणि स्थानिकांची कुरकुर खोटी नाही. पण 1951 चा निर्वासित करार कुरासाओला लागू नाही. स्थलांतर हा बेटाचा अंतर्गत विषय म्हणून नेदरलँड्स हात झटकतं, आणि बेट म्हणतं आमच्याकडे ना पैसा ना माणसं. मधल्या मध्ये कागद नसलेली बाई लोकांची घरं पुसते, पगार बुडवला तर पोलिसात जाऊ शकत नाही, कारण गेली तर तिलाच धरून परत पाठवतील.

बेटाने करायला काय हवं होतं, हाही प्रश्न विचारलाय. सीमा, तेल आणि निर्बंध त्याच्या हातात नव्हते. कागद देणं मात्र बरंचसं होतं. त्रिनिदादनेही व्हेनेझुएलाच्या लोकांना फार प्रेमाने वागवलेलं नाही, तरी 2019 च्या जूनमध्ये दोन आठवड्यांत 16,000 हून जास्त जणांची नोंदणी करून त्यांना कामाची परवानगी दिली. कोलंबियाने 2021 मध्ये 10 वर्षांचं संरक्षण दिलं. कुरासाओनेही तेव्हाच मोठी नोंदणी हाती घेतली असती, आणि तिचा खर्च नेदरलँड्सने उचलला असता, तर त्या हजारो लोकांनी उघडपणे काम करून करही भरला असता. माझ्या मते हा खर्च नेदरलँड्सनेच द्यायला हवा, कारण मदतीचा साठा बेटावर ठेवायचा निर्णय त्यांचा होता आणि त्यापायी बंद झालेल्या सीमेची किंमत बेटाने मोजली.