वयाबरोबर बदलते ती अस्मिता की ओळख?

प्रश्न असा: माणसाच्या आयुष्यभराच्या मानसिक जडणघडणीवरचा लेख मराठीत आणताना 'आयडेंटिटी'ला 'अस्मिता' म्हणावे का? की 'पर्सनॅलिटी' आणि 'आयडेंटिटी' दोन्हींना 'व्यक्तिमत्त्व' चालेल?

दोन्हींना एकच शब्द नको. व्यक्तिमत्त्व (दोन 'त' हवेत, कारण व्यक्तिमत् + त्व) म्हणजे माणूस कसा आहे ते: अबोल की बडबड्या, नेटका की अजागळ, चटकन चिडणारा की शांत. आयडेंटिटी म्हणजे 'मी कोण?' याचे त्याने स्वतःला दिलेले उत्तर. शिक्षक निवृत्त झाला तरी त्याचा नेटकेपणा जात नाही. 'मी शिक्षक' हे उत्तर मात्र अपुरे पडू लागते.

'अस्मिता' व्युत्पत्तीने चपखल आहे. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे', त्याला 'ता'. योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांपैकी, एक आहे. आजच्या मराठीत मात्र हा शब्द समूहाचा झाला. भाषेची, प्रांताची अस्मिता असते. ती जपतात, ती दुखावते, ती पेटते. पंधरा वर्षांच्या मुलीला आपण कोण होणार हे उमगत नसेल, तर तिची अस्मिता दुखावलेली नसते. ती स्वतःची ओळख शोधत असते.

म्हणून माझे मत 'ओळख'ला. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतला पाचवा, पौगंडावस्थेतला, 'ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ' असा सहज मराठीत येतो. 'ओळख' म्हटले की चारचौघांशी झालेला परिचयही आठवतो, हा आक्षेप खरा आहे. पण मला तो गुणच वाटतो: एरिक्सन यांच्या मांडणीतही आपण स्वतःला जसे पाहतो, तसे इतरांनी आपल्याला ओळखणे महत्त्वाचे आहे. घोटाळा होईल तिथे 'स्व-ओळख' लिहावे.

'स्वभाव' हा शब्द जपून वापरा. 'स्वभावाला औषध नाही', 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' या म्हणींमुळे तो न बदलणारा वाटतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीही 1890 मध्ये लिहिले होते, की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. त्याच माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या पुढच्या अभ्यासांत वेगळे दिसले: तिशीनंतरही माणसे सरासरीने अधिक जबाबदार आणि मनाने अधिक स्थिर होत जातात. बाळाच्या उपजत वृत्तीबद्दल लिहिताना 'स्वभाव' शोभेल. चाळिशीतल्या बदलाबद्दल लिहिताना 'व्यक्तिमत्त्व'च हवे.