अंड्यातला साल्मोनेला अँटिसेरमने तासाभरात कळतो का?

प्रश्न पणजीच्या गाड्यावरच्या रस-ऑम्लेटच्या अंड्यांवरून आलाय. नाही, थेट अंड्यावर अँटिसेरम (ठरावीक जिवाणूंना चिकटणाऱ्या अँटिबॉडी असलेला द्रव) टाकून काही कळत नाही. साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू आधी वाढवावे लागतात: २५ ग्रॅम नमुना पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात रात्रभर, मग साल्मोनेलाला झुकतं माप देणारी निवडक माध्यमं, मग प्लेटवरच्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके). एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगाने निकाल देणारी चाचणी, थोडी लवकर, वाढवलेल्या द्रवावरच करता येते. पण ती पॉझिटिव्ह आली तरी कॉलनी काढून खात्री करावीच लागते.

खरी मजा स्लाइडवर. सलाइनच्या थेंबात कॉलनी कालवायची, पॉलिव्हॅलेंट ओ अँटिसेरम (एकाच वेळी अनेक ओ गट पकडणारा) घालून स्लाइड हलवायची. मिनिटभरात दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या दिसतात. शेजारी नुसत्या सलाइनचा थेंब हवाच, आणि विद्यार्थी नेमका तोच विसरतात! त्यातही गुठळ्या झाल्या तर निकाल बाद. सिट्रोबॅक्टर हा दुसरा जिवाणूही कधी कधी फसवतो, म्हणून जैवरासायनिक चाचण्या टाळू नका.

मग प्रकार. ओ ही जिवाणूच्या पृष्ठभागावरची खूण, एच ही त्याच्या पोहण्याच्या शेपटीवरची. ओ:९ आणि एच जी,एम म्हणजे बहुधा एन्टेरिटिडिस, अंड्यांतला नेहमीचा पाहुणा. ओ:४, एच आय आणि १,२ म्हणजे टायफिम्युरियम. एचची दोन रूपं (फेज) असू शकतात; एकच फेज दिसत असेल तर त्याचाच अँटिसेरम घातलेल्या मऊ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) जिवाणू पोहू द्या; दुसऱ्या फेजचे तेवढे पुढे सरकतात.

साल्मोनेलाच्या प्रकारांच्या कॉफमन-व्हाइट यादीत २५०० हून जास्त प्रकार आहेत. साध्या लॅबमध्ये एवढे अँटिसेरा कुठून असणार? अशा वेळी कसौलीचं राष्ट्रीय साल्मोनेला केंद्र आहे.

आणि हो, विडाल ही टायफॉइडची रक्तचाचणी वेगळी. ती रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी बघते, अंड्यातले जिवाणू नाही.